उमालेकच्या खांबावरचं पान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या देशाचे परराष्ट्रमंत्री, सन्माननीय श्री. टायटस नेसिन, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते परराष्ट्र खात्याचे सचिव, सत्कारमूर्ती श्री. सायलस वीरा, व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसलेले आणि सगळ्यांत एकट्यांनाच उशी मिळालेले दूरच्या देशाचे राजदूत महाशय, बेटाबेटांवरून आलेले वडीलधारे, पास्टर साहेब, विला शहराच्या बाजारातल्या माझ्या मैत्रिणी, आणि मागे भिंतीला टेकून लापलापचं जेवण कधी वाढतात याची वाट बघणारे माझे सगळे बंधुभगिनी, आपणा सर्वांना एस्तरचा नमस्कार.

दूरच्या देशाचं नाव मी घेतलं नाही, ते विसरले म्हणून नाही. सूत्रसंचालक सकाळी काकुळतीला येऊन म्हणाले, "एस्तरताई, राजदूत स्वतः येणार आहेत, तेवढं नाव टाळा." टाळते. ज्यांच्या दारात तो देश चाळीस वर्षं ठाण मांडून बसला होता, त्यांना नाव सांगायची गरजही नाही.

माझी ओळख आत्ता 'मंत्रीमहोदयांच्या थोरल्या भगिनी' अशी करून दिली. खरं आहे. अध्यक्षांना मी कडेवर घेऊन आमच्या अनिवात बेटाच्या किनाऱ्यावर फिरवलं आहे, आणि ते रडायला लागले की उसाचं कांडकं तोंडात दिलं आहे. तेव्हा अधूनमधून माझ्या तोंडून 'अध्यक्ष महोदय' ऐवजी 'टायटस' निघालं तर सभेनं सांभाळून घ्यावं.

मला सांगितलंय, कौतुकाचे दोन शब्द बोला. सायलसभाऊंचं कौतुक करायला मला कागद लागत नाही. पण कार्यक्रमपत्रिकेवर काय छापलंय ते वाचलंत का? 'प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेनं निवृत्त होत असलेले.' सायलसभाऊ, बरं नाही का तुम्हाला? मगाशी जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढलात की. माणसाला काढायचं आणि वर त्याच्या तब्येतीची काळजी करायची, ही रीत आपली नव्हे. ही शिकून घेतलेली आहे.

मी रागावले आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मध्येच कुणी पाण्याचा ग्लास पुढे करायला नको.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा या देशाकडे काय होतं, आठवा जरा. दोन-दोन राज्यकर्ते एकाच वेळी आपल्यावर बसून गेलेले. दोन तऱ्हेचे पोलीस, दोन तऱ्हेचे तुरुंग, आणि न्याय एकाही तऱ्हेचा नाही. गस्तीला एकच बोट, तिचं इंजिन लहरीवर चालायचं. अशा देशाचं पहिलं परराष्ट्र धोरण लिहायला मलाकुला बेटावरचा हा माणूस बसला. पंख्याखाली, बनियनवर. त्यानं लिहिलेलं वाक्य आज शाळेतली पोरं पाठ म्हणतात. 'या समुद्रात दुरून आलेल्या हातानं यापुढे एकही खांब रोवला जाणार नाही, आणि आधी रोवलेल्या प्रत्येक खांबाला आम्ही विचारत राहू, तू जाणार कधी.'

लोक हसले. मोठ्या सभेत, जिथे सगळ्या देशांच्या पाट्या लावलेल्या असतात, तिथे आपली पाटी दाराजवळ होती. सायलसभाऊ उभे राहून शेजारच्या बेटांवर अजून परक्याचा झेंडा का, असं विचारायला लागले, तर एका बड्या देशाचा माणूस चहाच्या वेळी त्यांना म्हणाला, "एवढ्याशा देशाला हे परवडतं का हो?" हे म्हणाले, "गप्प बसणं दोन पिढ्या परवडवून पाहिलं साहेब. महाग पडलं." हा किस्सा त्यांनी मला सांगितलेला नाही. ते स्वतःचं काही सांगत नाहीत. तिथे वाढायला असलेल्या आपल्याच बाईनं सांगितला.

पण 'खांब' हा शब्द त्यांना सुचला कुठून? पुस्तकातून नाही. आमच्या उमालेकवरून.

उमालेक हा आमच्या अनिवातच्या दक्षिणेचा खडक. झाड नाही, पाणी नाही. पक्षी आहेत, मासे आहेत, आणि आमच्या बोटींना वाऱ्यात आडोसा आहे. तिथे वस्ती नाही म्हणून तो कुणाचाच नाही, असं दूरच्या देशाच्या वकिलांनी लिहिलंय. माझ्या घराच्या अंगणातही कुणी झोपत नाही. मग तिथे कुणीही येऊन खुंटी ठोकावी का?

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी त्यांची लढाऊ बोट आली आणि अनिवातला थांबली. कप्तान तरुण होता, हसरा होता, दिसायलाही बरा होता, खोटं कशाला बोलू. म्हणाला, उमालेकपर्यंत वाट दाखवायला तुमचे सरदार येतील का? आमचे वडील निघाले, आणि मिशनच्या शाळेत मी ती भाषा शिकले होते म्हणून दुभाषी म्हणून मीही निघाले. तिथे पोचल्यावर खलाशांनी लोखंडी खांब काढला, खडकात भोक पाडलं, सिमेंट ओतलं, वर त्यांच्या देशाची पाटी लावली. वडील बघत राहिले. मग आमच्या होडीत नेहमी असतं ते नामेलेचं पान काढलं आणि खांबाला बांधलं.

या सभागृहात नामेलेचं पान कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. पण राजदूत महाशय नवीन आहेत, त्यांच्यासाठी सांगते. तुमच्या खुर्चीमागे आमचा झेंडा आहे ना, त्याच्यावर आहे तेच ते पान. आंब्याला बांधलं की आंब्याला हात लावायचा नाही. वाटेवर टांगलं की वाट बंद. दोघं भांडत असतील आणि मध्ये ठेवलं, की दोघांचे हात खाली. दोन्हीकडची माणसं बसून बोलेपर्यंत तिथली गोष्ट तिथेच थांबते. आणि ज्यानं पान बांधलं, त्यानं पानापाशी उभं राहायचं. समोरचा येऊन जमिनीवर बसला की मग यानं बसायचं. त्याआधी नाही.

वडील मला म्हणाले, "सांग त्याला, बांधलंय. आता बसून बोलू."

मी जसंच्या तसं सांगितलं. कप्तान खूश झाला. म्हणाला, "वा, फारच सुंदर. बोलू की, जेवण झाल्यावर." आणि त्यांच्यातल्या एकानं वडिलांचा फोटो काढला. खांब, खांबाला पान, आणि शेजारी ताठ उभे असलेले वडील. मग सगळे बोटीवर जेवायला गेले. आम्हालाही बोलावलं. वडील म्हणाले, "मी कसा येऊ? मी बांधलंय." ते उन्हात उभे राहिले. मी त्यांच्या सावलीत बसले, कारण दुसरी सावली नव्हती. भरती लागली तशी बोटीनं भोंगा वाजवला. परत कुणी खाली उतरलं नाही. वडील तरीही हलले नाहीत. त्यांचं म्हणणं एकच, "तो जेवतोय. जेवणाऱ्या माणसाला घाई करू नये."

तुम्ही हसताय. हसा. मीही पुष्कळ वर्षं हसले, कारण नाहीतर रडावं लागलं असतं.

त्या फोटोचं पुढे काय झालं, ते आम्हाला सायलसभाऊंमुळे कळलं. स्वातंत्र्यानंतर ते अनिवातला आले. आधीचे साहेब यायचे ते बूट न काढता व्हरांड्यात उभे राहून प्रश्न विचारायचे. हे येऊन जमिनीवर बसले. वडिलांचे गुडघे तेव्हा गेले होते. यांनी पिशवीतून त्या देशाचं एक जाडजूड पुस्तक काढलं, त्यात तो फोटो होता. वडिलांनी विचारलं, "खाली काय लिहिलंय?"

हे वाचेनात. वडील म्हणाले, "अरे वाच, मी काय लहान आहे?"

तेव्हा यांनी वाचलं. 'अनिवातचे सरदार नेसिन यांनी ध्वजस्तंभास स्वहस्ते हार घालून आपल्या राष्ट्राच्या सत्तेचं स्वागत केलं व ते सेवेस उभे राहिले.'

वडिलांनी फोटोतल्या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हार? हार आपण पाहुण्याच्या गळ्यात घालतो. लोखंडाच्या गळ्यात कोण घालतं?" थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "सेवेला?" आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचे शब्द कप्तानाला मीच सांगितले होते ना. बाप लेकीकडे असं कधी बघत नाही. मला त्या दिवशी त्या हसऱ्या कप्तानाचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही.

सायलसभाऊंनी त्यांना शब्द दिला. म्हणाले, "काका, हे वाक्य मी पुसून घेईन." वडील गेले त्यानंतर, पण हा माणूस त्या वाक्याच्या मागेच लागला. बोलणी झाली तेव्हा यांनी दूरच्या देशाच्या अधिकाऱ्यांसमोर टेबलावर नामेलेचं पान ठेवलं आणि त्याचा अर्थ सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात कॉफी आली, आणि त्यांच्या एका साहेबानं कप ठेवायला जागा हवी म्हणून पान बाजूला सारलं. सायलसभाऊ उठले, म्हणाले, "चर्चा तुम्ही मोडलीत," आणि निघून आले. तेव्हा त्यांना हट्टी म्हणणारे आपल्याकडेही निघाले. मी म्हणते, हट्टी नव्हे, वेळेवर उठणारा माणूस. आपल्याकडे आता बसून राहणारे फार झालेत.

घंटा वाजवू नकोस, टायटस. वेळ मलाही कळते.

आता यायचं ते आजवर. येत्या सोमवारी एका करारावर सही होणार आहे. दूरचा देश आपल्याला नवा धक्का बांधून देणार, रुग्णालयाला खाटा देणार. बदल्यात उमालेकच्या पाण्याची 'संयुक्त पाहणी'. ऐकायला किती गोड. आणि कराराच्या पहिल्या पानावर, प्रस्तावनेत, हळूच एक वाक्य सोडून दिलंय. 'सरदार नेसिन यांनी केलेल्या ऐतिहासिक स्वागताचं स्मरण ठेवून.' धक्का मोठा दिसावा म्हणून वाक्य लहान ठेवलंय. पण उद्या न्यायालयात धक्का कुणी दाखवणार नाही, हे वाक्य दाखवतील. म्हणतील, तुम्हीच लिहून दिलंत की बापानं स्वागत केलं होतं. खडक गेला, खडकाभोवतीचं पाणी गेलं, आणि आमच्या पोरांनी मासे धरले तर ते चोर.

हे वाक्य सायलसभाऊंनी खोडलं. मंत्रीमहोदयांनी परत लिहायला सांगितलं. यांनी परत खोडलं. तिसऱ्यांदा यांना सांगण्यात आलं की तुमची प्रकृती बरी नाही.

परवा दुपारी मी अध्यक्षांच्या घरी गेले. सभेत बहिणीनं भावाला विचारू नये म्हणून आधी स्वयंपाकघरात विचारलं. म्हटलं, "टायटस, ते वाक्य काढ. बाकी धक्का घे, खाटा घे, काय हवं ते घे."

तो म्हणाला, "ताई, वाक्य काढलं तर ते काहीच देणार नाहीत."

म्हटलं, "मग त्यांना काय हवंय ते कळलं ना तुला?"

"अगं, एक खडक आहे तो. पक्ष्यांची घाण नुसती. तिकडे बाया होडीत बाळंत होतायत, आणि तुम्ही पान पान करत बसलाय."

हे मात्र खरं आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं. आमच्या बेटावरच्या बाया खरंच होडीत बाळंत होतात. माझी नणंद गेली तशी. टायटस वाईट माणूस नाही. खाटा पाहिजेत. पण खाटा द्यायच्या तर द्या, माझ्या बापाला खोटं पाडून का देता? त्याच्या नावची खोटी साक्ष घेऊन देता का खाट? म्हटलं, "तुझ्या बापाला तिथे उन्हात उभं मी पाहिलंय. तू नव्हतास."

तो म्हणाला, "ताई, बाबा आता नाहीत. त्यांना काय फरक पडतो?"

मी बशी खाली ठेवली आणि निघाले. त्याच्या बायकोनं केळी बांधून दिली होती, ती घेतली. तिचा काय दोष?

तेव्हा आता मला आलेल्या कामाचं सांगायला हवं. आपण याला निरोप समारंभ म्हणतो. पण मी इथे निरोप द्यायला आलेले नाही, निरोप सांगायला आले आहे. अनिवातच्या वडीलधाऱ्यांचा. मी निघायच्या आधी नाकामालात, म्हणजे गावाच्या सभाघरात, बैठक झाली. बायकांना आत बसू देत नाहीत, मी कुडाबाहेर बसले होते, पण ऐकू सगळं येतं. ते म्हणाले, एस्तर, आधी त्याच्याशी घरी बोल. ऐकलं तर हे पोटात ठेव. नाही ऐकलं तर चार माणसांत सांग, आणि त्यातला एक दूरचा माणूस असू दे.

राजदूत महाशय, तुम्ही सोय करून दिलीत. आभारी आहे.

या करारावर देशातल्या कुठल्याही मंत्र्याची सही चालली असती. मग आमच्या टायटसचंच नाव तिथे का टाईप केलंय? कारण त्यांना मंत्र्याची सही नकोच आहे. त्यांना नेसिनची हवी. वारसानं सही केली की बापानं हार घातला होता हे पक्कं झालं. हुशारीच म्हणायची. फक्त आमच्याकडे नाव कसं असतं, हे त्यांनी विचारलं नाही, जसं पान कशासाठी बांधलं तेही विचारलं नव्हतं.

आमच्याकडे नेसिन हे आडनाव नाही. ते जागेचं नाव आहे. उमालेक ज्यानं राखायचा, तो नेसिन. आमच्या वडिलांच्या आधी ते एका मामाकडे होतं, त्याच्या आधी रक्ताचं कुणी नसलेल्या माणसाकडे. वडील गेल्यावर गावानं ते टायटसला दिलं. सगळ्यांना वाटलं, शिकलेला आहे, चांगला राखेल. नाव देण्याच्या विधीला मीही डुक्कर दिलं होतं त्या दिवशी, आनंदानं. जे गावानं दिलं, ते गाव परत घेऊ शकतं. आजवर तशी वेळ कुणी आणली नव्हती.

वडीलधाऱ्यांनी नाव परत घेतलं आहे. सोमवारी टायटसनं खुशाल सही करावी. तो मंत्री आहे, त्याचा हात आहे, पेन आहे. पण त्या कागदावर तो नेसिन म्हणून सही करू शकत नाही. केली, तर ती अनिवातच्या कुणाचीही सही नाही.

आणि नाव मोकळं ठेवत नाहीत. मोकळ्या नावावर कुणीही येऊन खांब रोवतो. सायलसभाऊ, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, त्याबद्दल माफ करा. तुम्हाला आधी कळलं असतं तर नको म्हणाला असतात. ज्यानं आमच्या माणसाचं उभं राहणं ओळखलं, त्याच्याकडे, म्हणजे तुमच्याकडे, ते नाव जावं असं ठरलं. ही चटई आमच्या बायकांनी विणली आहे, ती घ्या. तुम्ही आता सरकारी नोकर नाही, म्हणजे तुम्हाला कुणी 'खोडू नका' असं सांगूही शकत नाही.

टायटस, तू माझा भाऊ आहेस ते आहेसच. घरी ये, जेव, भांड. तुझ्यासाठी दार बंद नाही. तेवढं एक नाव नाही.

मला बोलायला बोलावलंत, माझं लांबलेलं ऐकून घेतलंत, याबद्दल आयोजकांची आणि आपणा सर्वांची मी ऋणी आहे. ज्या पोरींनी सकाळपासून लापलाप शिजवलं, त्यांचे वेगळे आभार. माझ्यामुळे ते गार झालं. बेटावरची बाई आहे, सभेची रीत नीट ठाऊक नाही. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, मोठ्यांचा मान राहिला नसेल, तर ते माझ्या पदरात टाका, अनिवातच्या नाही. आता एकच विनंती. धक्क्यावर आमची बोट उभी आहे, वारा पडायच्या आत उमालेक गाठायचा आहे. नेसिन, उठता ना?

नाही, टायटस. तू बस. मी नेसिनना म्हणाले.